सांगलीत राहून अकाउंट-टॅक्सची लाईन : सीए रेटावं की दुसरं काही बघावं?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. धागा बहिणीसाठी काढतोय. चिंतामणराव कॉमर्समधून बी.कॉम. झाली, मार्क ५५ टक्क्यांच्या वर होते म्हणून फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता डायरेक्ट एन्ट्रीने सीए इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला बसली. पहिला ग्रुप निघाला पण दुसरा काय निघंना. प्रत्येक पेपरात ४० पडतात आणि ग्रुपचे १५० होत नाहीत, कॉस्टिंग मार खातंय. सध्या विश्रामबागला एका टॅक्स कन्सल्टंटकडे जाते, १२ हजार पगार, काम म्हणजे बिलं टॅलीत टाकायची आणि जीएसटीचे रिटर्न भरायचे. संध्याकाळी सात-साडेसातला एसटीने घरी, मग अभ्यास कसला होतोय.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात पुण्याला जा, क्लास लाव, सीए पूर्ण कर. आईचं म्हणणं किती वर्षं परीक्षाच देणार, बँकेच्या बघ. तिला स्वतःला सांगली सोडायची नाही आणि लाईन पण सोडायची नाही. मला एवढंच विचारायचंय की सीए न होता इकडं या लाईनमध्ये पोट भरतं का? का नुसतं दुसऱ्याच्या हाताखाली एन्ट्र्या मारत बसायला लागतं? इथल्या अनुभवी लोकांनी मोकळेपणानं लिहा, ती पण वाचणार आहे.

मिरजकर_पुण्यात
मी सीए आहे, मूळची मिरजेची. आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण बऱ्याच पालकांना माहीत नसते. २०२३ पासून जी नवी स्कीम आली त्यात इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं ट्रेनिंग) सुरूच होत नाही. आमच्या वेळी एका ग्रुपवर लागायची पण ती तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची झालीय. म्हणजे ती आत्ता विश्रामबागला जे काम करतेय त्यातला एक दिवसही आर्टिकलशिपमध्ये धरला जाणार नाही. अनुभव मिळतोय हे खरं, पण तो सीएच्या खात्यावर जमा होत नाहीये.

दुसरं म्हणजे वेळ. टॅक्सच्या ऑफिसात महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न), २० ला थ्री-बी (जीएसटी भरायचं रिटर्न). यातून अभ्यासाला सलग किती दिवस मिळतात ते तिलाच विचारा. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सप्टेंबर म्हणजे ऐन टॅक्स ऑडिटचा सीझन, तेव्हा कुठलाच बॉस रजा देत नाही. माझं मत विचाराल तर नोकरी सोडून जानेवारी नाहीतर मेचा एक अटेम्प्ट पूर्ण ताकदीने द्यावा. त्यासाठी पुण्याला यायची काहीच गरज नाही, क्लास सगळे ऑनलाईन आहेत. इथं खोलीभाडं आणि मेस भरून शेवटी पोरं लॅपटॉपवरच लेक्चर बघत असतात.

भडंगवाला
+१. एका ग्रुपसाठी पुण्याला कशाला.

दिवाणजी_मार्केटयार्ड
मी यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी हाय, लई शिकलेलो नाय पण वह्या लिवण्यात केस पांढरं झालं. ताईला एक सांगतो, टॅलीत बिलं टाकणारी पोरं चिक्कार झालीत ओ, पण हळद, गूळ, बेदाण्याचा व्यवहार समजणारं एक पोरगं मिळत नाय. गेल्या साली आमच्याकडं हापिसातनं नवीन पोरगं आलं, डिग्री बिग्री सगळं, त्यानं पेढीवरनं जेवढा माल विकला तेवढा सगळा टर्नओव्हर धरला आन् शेटला म्हणालं तुमाला टॅक्स ऑडिट लागतंय. शेट घाबरलं. आरं बाबा आमी कच्चं आडतवालं, माल आमचा न्हाईच, शेतकऱ्याचा हाय. पट्टी म्हंजे इक्रीचा हिशोब शेतकऱ्याच्या नावानं, पैसं शेतकऱ्याचं, आमची फकस्त आडत, म्हंजे कमिशन. कच्च्या आडत्याचा टर्नओव्हर म्हंजे त्याची आडत, माल नव्हं, आसं १९८६ चं परिपत्रक हाय ४५२ नंबरचं. आमच्या जुन्या वकीलसायबांनी ते झेरॉक्स काडून पेढीवर ठिवलंय. स्वतःच्या नावावर माल घेऊन इकतो तो पक्का आडत्या, त्याला सगळा माल धरतात. ह्यो फरक त्या पोराला कुणी शिकिवलाच न्हवता.

तसंच रोखीचं. धंद्यातला खर्च एका माणसाला एका दिवसात १० हजाराच्या वर रोख दिला की तो खर्च धरत न्हाईत, हे सगळ्यांना पाठ हाय. पण शेतमालाचं पैसं शेतकऱ्यालाच दिलं आसलं तर त्याला सूट हाय, हे किती जणांना म्हाईत हाय? न्हाई म्हाईत म्हणून लोकं उगंच घाबरून वह्याच वेगळ्या लिवत्यात आन् मग खरंच फसत्यात.

द्राक्षबाग_तासगाव
दिवाणजी, भारी लिहिलंत. हे तिला वाचून दाखवलं तर म्हणाली आमच्या ऑफिसात यार्डाची फाईल फक्त सर बघतात, आमच्याकडे देतच नाहीत.

दिवाणजी_मार्केटयार्ड
मग तीच फाईल मागून घ्यायची की. सौदं सुरू आसताना सकाळी यार्डात या म्हणावं, चा पिऊन दोन तास पेढीवर बसायचं. सरांना काय, कुणी मागत न्हाई म्हणून ते देत न्हाईत.

खतावणी
सीए, सीए नाही, या दोन टोकांच्या मधली एक वाट कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितोय. जी.डी.सी. अँड ए. सहकार खात्याची परीक्षा आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, मे महिन्यात होते. सलग तीन दिवस पेपर, हिशोबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकार कायदा वगैरे. इंटरचा पहिला ग्रुप काढलेल्या मुलीला हिशोबाचे पेपर अवघड जाऊ नयेत, कायदा मात्र नव्याने वाचायला लागेल आणि तो मराठीतूनच वाचावा कारण पुढे अहवाल मराठीतच लिहायचे असतात. परीक्षा आणि ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव झाला की सहकार खात्याच्या पॅनेलवर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नाव लावता येतं.

आता सांगली जिल्ह्यात सहकारी संस्था किती हे मी सांगायला नको. गावात विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, नोकरदारांच्या सोसायट्या. प्रत्येकीला दरवर्षी ऑडिट लागतं, नफा असो तोटा असो. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत ऑडिट पूर्ण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, आणि त्या सभेत पुढचा ऑडिटर नेमायचा. २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्था स्वतःच पॅनेलवरचा ऑडिटर निवडते. एका ऑडिटरला वर्षात २० संस्थांची मर्यादा आहे, अगदी लहान भागभांडवलाच्या त्यात धरत नाहीत. मर्यादा असल्यामुळे काम वाटलं जातं, नवीन माणसाला शिरकाव मिळतो.

काम कसलं असतं ते पण सांगतो, नाहीतर वाटायचं नुसत्या सह्या. पतसंस्थेत गेलं की आधी मुदत ठेवींची यादी आणि खतावणी जुळवायची, मग येणे बाकी, थकबाकी, एनपीएची (थकून बुडीत चाललेल्या कर्जांची) तरतूद. सोनेतारण असेल तर पिशव्या उघडून बघायच्या. मी सराफाला सोबत घेऊनच बसतो. पिशवीवरचा कर्ज खाते नंबर, सील, आतली चिठ्ठी, वजन, सगळं रजिस्टरशी ताडायचं. एका ठिकाणी चिठ्ठीवर पाटल्या आणि आत बिलवर निघाले, वजन बरोब्बर तेवढंच. मॅनेजर म्हणाला साहेब चिठ्ठी लिहिताना चूक झाली असेल. असेल, पण कर्जदाराला बोलावून खात्री केल्याशिवाय मी पुढची पिशवी उघडली नाही. (चूकच निघाली, पण त्या दिवसापासून तो मॅनेजर मला चहा द्यायला स्वतः उठत नाही.)

आणि हो, यात जोखीम आहे. अफरातफर सापडली तर विशेष अहवाल द्यायचा आणि निबंधकांची परवानगी घेऊन गुन्हाही ऑडिटरनेच दाखल करायचा असं कायद्यात आहे. संचालक मंडळ म्हणजे गावातली मातब्बर मंडळी, कधी पाहुण्यातलीच असतात. ‘सांभाळून घ्या’ हा शब्द रोज ऐकायला मिळतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने या भानगडीत पडू नये.

मिरजकर_पुण्यात
खतावणी सरांना अनुमोदन. त्यात भर घालते. सोसायट्यांची फक्त सहकाराची बाजू बघणारे बरेच आहेत, इन्कम टॅक्सची बाजू बघणारे कमी. जुन्या आयकर कायद्यातलं ८०-पी म्हणजे सहकारी संस्थांची वजावट, ती रिटर्न मुदतीत भरलं तरच मिळते. गावातल्या संस्थेला वाटतं आपल्याला टॅक्स नाहीच तर रिटर्न कशाला. मग उशिरा रिटर्न, वजावट गेली, पूर्ण नफ्यावर टॅक्स आणि व्याज. सचिव ती नोटीस पिशवीत घालून ऑडिटरकडे येतो आणि ऑडिटर म्हणतो हे माझं काम नाही. दोन्ही करणारं एकच माणूस असेल तर त्याच्याकडे संस्था रांगेत उभ्या राहतील.

शंकासुर
सगळं खरं, पण जरा पुढचं बघा. रिटर्न पोर्टलच भरतंय आता. इन्कम टॅक्सला एआयएसमध्ये (खात्याकडे असलेला आपल्या व्यवहारांचा उतारा) सगळं आधीच भरून येतं, जीएसटीचं टू-बी (खरेदीवरच्या क्रेडिटची यादी) तयार मिळतं, ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर ई-इनव्हॉइस, त्यामुळे सेल्सचे आकडे आपोआप जीएसटीआर-वनमध्ये. बँक स्टेटमेंट टाकलं की एआय एन्ट्र्या करून देतंय. पगारदारांना १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर ते कशाला कन्सल्टंटकडे येतील. दहा वर्षांनी हा धंदा उरेल का? मुलीला उगाच स्वप्नं दाखवू नका.

एसटीपी_जुना
शंकासुर, २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पण हेच ऐकलं होतं. व्हॅट गेला, आता एसटीपी (सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर) संपले म्हणे. उलट काम वाढलं. जीएसटीचं सीए ऑडिट काढून टाकलं तेव्हाही लोक म्हणाले संपलं. झालं काय, ऑडिट गेलं आणि नोटिसा आल्या.

तुमचं अर्धं बरोबर आहे. रिटर्न भरून २०० - ५०० रुपये घेणं हा धंदा संपत आलाय आणि संपू दे. पण मशीन जेवढं जास्त जुळवतं तेवढं न जुळलेलं जास्त बाहेर पडतं. पुरवठादाराने त्याचा जीएसटीआर-वन भरला नाही, आपल्या टू-बीला क्रेडिट दिसलं नाही, आपण घेतलं, नोटीस आली. एआयएसमध्ये चुलत्याच्या एफडीचं व्याज पुतण्याच्या नावावर, कारण पॅन त्याचा दिलेला. जमीन विकली, ती शेतजमीन म्हणून सुटते का नाही ते नगरपालिकेच्या लोकसंख्येवर आणि तिच्या हद्दीपासूनच्या अंतरावर. याला उत्तर लिहायला माणूसच लागतो, आणि उत्तराचे पैसे रिटर्नच्या दहापट मिळतात. बहिणीला सांगा, एन्ट्री करत करत नोटिशीचं उत्तर ड्राफ्ट करायला शिक. सर जो ड्राफ्ट पाठवतात तो वाच, पुढच्या वेळी आधी स्वतः लिहून दाखव.

अजून एक. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आयकर कायदा लागू. असेसमेंट इयर गेलं, कर वर्ष आलं. कलमांचे नंबर सगळे बदलले, आमचं पाठ झालेलं ८०-सी आता १२३. आम्ही म्हातारे अडखळतोय. मागच्या वर्षांच्या नोटिसा मात्र जुन्याच कायद्याखाली येत राहणार, म्हणजे अजून काही वर्षं दोन्ही कायदे हाताशी लागणार. आत्ता या लाईनमध्ये येणाऱ्याला अशी संधी परत मिळायची नाही, सीनियर आणि ज्युनियर दोघंही नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहेत.

विटा_टू_मदुराई
गलाईवाला आहे, आमचं गाव खानापूर तालुक्यात, दुकान तमिळनाडूत. आमचा सगळा भाग सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलाय. इथला ऑडिटर तमिळ बोलतो, हुशार आहे, दुकानाचं सगळं बघतो. पण गावाकडची शेती, भावाभावातलं वाटप, आईच्या नावावरची ठेव, गावच्या घराचं कर्ज हे त्याला सांगून कळत नाही आणि गावाकडच्याला दुकानातलं कळत नाही. दोन्हीकडचं एका जागी बसून बघणारी मराठी बोलणारी कुणी असेल तर आमच्यातली कितीतरी घरं फोनवर कागद पाठवून काम देतील. व्हॉट्सअॅपवर बिलं पाठवायची सवय आता सगळ्यांना आहे. फक्त एक अट, आमची बातमी दुसऱ्या गलाईवाल्याला कळता कामा नये.

एसआयपी_काका
प्लॅनिंगच्या बाजूनं कुणी बोललं नाही. म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर व्हायला एनआयएसएम या संस्थेची फाईव्ह-ए परीक्षा, १०० पैकी ५० ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. मग अॅम्फीचा, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेचा एआरएन (नोंदणी) नंबर. इंटर करणाऱ्या मुलीला पंधरा दिवसांचा अभ्यास. सल्ल्याची फी घ्यायची असेल तर मात्र सेबीची इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर नोंदणी, ती वेगळी आणि जास्त कडक. एकाच गिऱ्हाइकाकडून सल्ल्याची फी आणि कंपनीकडून कमिशन, दोन्ही चालत नाही.

आपल्या भागाची गोष्ट अशी की पुस्तकातलं प्लॅनिंग इथं चालत नाही. पुस्तक म्हणतं दर महिन्याच्या ५ तारखेला एसआयपी. द्राक्षवाल्याचा पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, बेदाणा केला तर त्याच्याही पुढं, आणि व्यापाऱ्याकडं अडकलेला दिवाळीच्या झिरो पेमेंटला (सगळी बाकी चुकती करायची वेळ) सुटतो. मधे एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, औषधं, मजुरी, हे सगळं आ वासून उभं. दर महिन्याला एसआयपी लावली की जुलै-ऑगस्टला बाऊन्स आणि बँकेचा दंड वर. मी त्यांना पैसे आले की आधी दोन्ही छाटण्यांचा खर्च बाजूला लिक्विड फंडात (लागेल तेव्हा लगेच काढता येतो असा फंड) टाकायला लावतो, मग पीक कर्ज फेड, मग उरलेलं तिथूनच हप्त्याहप्त्याने इक्विटीत. हे ज्या मुलीच्या घरी बाग आहे तिला समजावून सांगायला लागत नाही. तिचं क्वालिफिकेशन तिथंच आहे की.

आणि पतसंस्थेतल्या ठेवी. लोक अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी घरातलं सगळं एका पतसंस्थेत ठेवतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेला तो विमा नाही. हे एवढं एक वाक्य प्रत्येक घरात सांगितलं तरी पुष्कळ. महिन्याला पाच टक्के, दहा टक्के देणारे तर वेगळाच विषय, त्याबद्दल इथं लिहिलं तर धागा भरकटेल.

भडंगवाला
लिहाच काका, आमच्या गल्लीत अजून दोघं आहेत ‘माझे येतायत की दर महिन्याला’ म्हणणारे.

एसआयपी_काका
येतात ते त्यांचेच पैसे असतात, मुद्दलातले. पुढं नको.

खतावणी
काका, पतसंस्थेबद्दल बरोबर आहे पण सरसकट नको. चांगल्या चालवलेल्या आहेत. ठेव ठेवायच्या आधी ऑडिट वर्ग विचारा, अ का ब, आणि वार्षिक अहवालात थकबाकी किती ते बघा. अहवाल सभासदाला मिळतो. कुणी मागत नाही ही आपली खोड.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री घरात सगळ्यांसमोर धागा वाचला. वडिलांचा पुण्याचा हट्ट मिरजकर ताईंच्या पोस्टने गेला. बहिणीचं म्हणणं असं की जीएसटीचं मार्चअखेर उरकून एप्रिलला नोकरी सोडते, मेमध्ये इंटरचा दुसरा ग्रुप देते. पण जी.डी.सी. पण मेमध्येच आहे. दोन्ही एकाच महिन्यात? आणि सीए झाली तर जी.डी.सी.चा उपयोग काय?

मिरजकर_पुण्यात
दोन्ही नको. या मेला फक्त इंटर. आणि मार्चपर्यंत थांबू नका ओ, एका महिन्यात कॉस्टिंग होत नाही, ग्रुपला कॉस्टिंग, ऑडिट आणि एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) असे तीन पेपर आहेत. जानेवारीतच सोडा. सीए झाली तर सोसायटी ऑडिटच्या पॅनेलवर सीए म्हणूनही जाता येतं, मग जी.डी.सी. लागत नाही.

खतावणी
बरोबर. आणि या खेपेलाही ग्रुप राहिला तर त्याच्या पुढच्या मेला जी.डी.सी. द्या. दरम्यान कुणा प्रमाणित लेखापरीक्षकाकडे एप्रिल ते जुलै या सीझनला मदतनीस म्हणून जा, पगार फार मिळणार नाही पण गावोगावच्या सचिवांची ओळख होते. माझ्याकडे दरवर्षी दोघं-तिघं लागतात. मोटारसायकल किंवा स्कूटी मात्र स्वतःची पाहिजे, जत-आटपाडीकडच्या संस्थांना एसटीनं जाऊन एका दिवसात काम होत नाही.

द्राक्षबाग_तासगाव
स्कूटी आहे. तुम्हाला मेसेज केलाय सर.

दिवाणजी_मार्केटयार्ड
आन् यार्डात कवा येताय ते पण सांगा. हळदीचं सौदं जोरात आसत्यात तवाच या, बंद आसल्यावर येऊन काय बगणार.